शाळेची सक्ती, घरचं शिक्षण आणि पालकांची पत्रं

या मालिकेत आपण शाळांचा इतिहास बराच पाहिला. आज जरा उलट्या बाजूनं जाऊ या. मूल शाळेत न घालता घरीच शिकवायचं असं ठरवणाऱ्या आईवडिलांचा हा इतिहास. हल्ली पुण्या-मुंबईतही 'होमस्कूलिंग' हा शब्द कानावर येतो, आणि तो उच्चारला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, 'हे कायद्यात बसतं का?' आणि दुसरा, 'मुलाला मित्र कुठून मिळणार?' हे दोन्ही प्रश्न जुने आहेत. ज्या चळवळीत ते सगळ्यात जास्त चर्चिले गेले, ती अमेरिकेतली. म्हणून आधी तिकडे जाऊ, आणि मग आपल्याकडे येऊ.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीनं 1642 साली एक कायदा केला. मुलांना वाचता आलं पाहिजे, ही जबाबदारी त्यात आईवडिलांवर आणि उमेदवार पोरांना कामाला ठेवणाऱ्या मालकांवर टाकली होती. शाळेचा त्यात उल्लेखच नाही. पाच वर्षांनी, 1647 साली, पन्नास कुटुंबांच्या गावानं शिक्षक नेमावा असा दुसरा कायदा आला. म्हणजे क्रम लक्षात घ्या : आधी घर, मग शाळा. हजेरीची सक्ती तर त्यानंतर दोनशे वर्षांनी आली. 1852 साली मॅसॅच्युसेट्सनंच 8 ते 14 वयाच्या मुलांना वर्षातून निदान बारा आठवडे शाळेत पाठवणं बंधनकारक केलं. आज बारा आठवडे ऐकून हसू येतं. पण त्यातही मुलाला दुसऱ्या मार्गानं तितकंच शिक्षण मिळत असेल तर सूट होती. ही पळवाट पुढे फार महत्त्वाची ठरली. एकेक करत सगळी राज्यं या वाटेनं गेली. सगळ्यात शेवटी मिसिसिपी, 1918 साली.

सक्ती आली की प्रश्न आलाच : मूल कुणाचं? ऑरेगन राज्यानं 1922 साली असा कायदा केला की मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे. 1925 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. मुलाला कसं घडवायचं हे ठरवण्यात आईवडिलांचाही हक्क आहे, एकट्या सरकारचा नाही, असा त्याचा आशय. आमिश या शेतकरी पंथाच्या पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचं नाकारलं, तेव्हाही 1972 साली न्यायालयानं त्यांचं म्हणणं मान्य केलं. ही झाली कायद्याची पार्श्वभूमी.

आता माणसाकडे येऊ. जॉन होल्ट. जन्म 1923. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीवर काम केलेला हा गृहस्थ पुढे शिक्षक झाला. पाचवीच्या वर्गात बसून तो मुलं बारकाईनं न्याहाळायचा. त्याला काय दिसलं? मुलं विचार कमी करतात आणि बाईंचा चेहरा जास्त वाचतात. उत्तर तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, म्हणजे चुकलं तरी निभावून जाईल. हुशार समजली जाणारी मुलंसुद्धा भीतीपोटी डावपेच लढवत असतात. या निरीक्षणांचं पुस्तक 1964 साली आलं, 'हाऊ चिल्ड्रन फेल'. ते खूप गाजलं. सुरुवातीला होल्टला वाटत होतं की शाळा सुधारता येतील. दहा-बारा वर्षं व्याख्यानं देत फिरल्यावर ती आशा मावळली. 1976 च्या पुस्तकात तो थेट मुलांना शाळेतून बाहेर काढण्याचीच भाषा करू लागला.

आणि मग पत्रं येऊ लागली. काही पालकांनी कळवलं की आम्ही हे आधीच करतोय, गुपचूप. कुणी गावाबाहेर राहत होतं, कुणी दुपारी मुलांना अंगणात सोडत नव्हतं, शेजारी तक्रार करतील म्हणून. ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. त्यांना जोडायला होल्टनं ऑगस्ट 1977 मध्ये बोस्टनहून एक पत्रिका सुरू केली, 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग'. आपल्या भाषेत 'शाळेविना वाढणं'.

ही पत्रिका म्हणजे मुख्यतः पालकांची पत्रं. तज्ज्ञांचे लेख कमी आणि 'आमच्याकडे असं झालं' जास्त. मूल आठ वर्षांचं झालं तरी वाचत नाही, घाबरू का? आणि पुढच्या कुठल्या तरी अंकात दुसऱ्या घरून उत्तर, की आमची मुलगी उशिरा वाचू लागली, पण एकदा लागली ती थांबलीच नाही. हिशेब स्वयंपाकघरात आणि दुकानात कसा शिकवावा. शाळा-अधिकाऱ्याला पत्र लिहिताना कोणते शब्द वापरावेत. ज्यांची तयारी होती त्या कुटुंबांची नावं-पत्ते पत्रिकेत छापले जात. वर्गणी परवडावी म्हणून चार घरांनी मिळून अंक मागवायची सोय होती.

होल्टचा स्वतःचा सल्ला साधा होता. मूल बोलायला शिकतं ते कुणी धडे दिल्यामुळे नाही, अवतीभवती बोलणारी माणसं असतात म्हणून. तेव्हा विचारलं तर सांगा, न विचारता शिकवू नका, आणि सारखी परीक्षा घेऊ नका. मित्रांचा प्रश्न त्याला प्रत्येक सभेत विचारला जाई. त्याचं उत्तर तिखट होतं : शाळेतलं सामाजिक जीवन म्हणजे बऱ्याचदा चढाओढ, टोळ्या आणि टिंगल, तेव्हा हेच मूल घरी ठेवायचं पुरेसं कारण आहे. यात अतिशयोक्ती आहे, हे आपण मान्य करू. पण ज्यानं शाळेत टिंगल सोसली आहे त्याला ती अगदी खोटीही वाटणार नाही.

पालकांना मोजावी लागणारी किंमत मात्र खरी होती. दंड, न्यायालयाच्या नोटिसा, मूल काढून नेण्याची धमकी. 1978 साली मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट गावच्या एका कुटुंबाच्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं की घरी शिकवण्याचा हक्क पालकांना आहे, आणि सरकारला त्यावर वाजवी देखरेख ठेवता येईल. दोन्ही गोष्टी एकाच निकालात! पुढे वाद होत राहिला तो या दोन्हींच्या प्रमाणावर. 1980 च्या दशकात धार्मिक ख्रिस्ती कुटुंबं मोठ्या संख्येनं या वाटेवर आली आणि 1983 साली त्यांच्या कायदेशीर बचावासाठी संघटना उभी राहिली. 1985 साली होल्ट वारला. 1993 पर्यंत सर्व पन्नास राज्यांत घरचं शिक्षण कायदेशीर झालं होतं. 1999 साली तिथल्या सरकारी पाहणीत अशा मुलांचा अंदाज साडेआठ लाखांचा होता. पत्रिका 2001 साली बंद पडली. तोपर्यंत तिचे 143 अंक निघाले होते.

आता आपल्याकडे. इथे गोष्ट नेमकी उलटी सुरू होते.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. तिकडे पालक सक्तीविरुद्ध लढले, आणि इथे सुधारक सक्तीसाठी. बडोद्यात सयाजीरावांनी 1893 साली अमरेली तालुक्यात आणि 1906 साली सगळ्या संस्थानात ती आणली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली कायदेमंडळात विधेयक मांडलं. 1912 साली ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं मोफत शिक्षण जाहीर केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

दंड तिकडेही आणि दंड इकडेही. पण अर्थ वेगळा. होल्टला पत्र लिहिणाऱ्या घरात पुस्तकं होती, वाचता येणारे आईवडील होते. कोल्हापूरच्या खेड्यातल्या ज्या घराला शाहूंचा दंड लागू होणार होता, तिथे पिढ्यान् पिढ्या अक्षर शिरू दिलं गेलं नव्हतं. ते घर काय शिकवणार? आणि मुलींच्या बाबतीत तर घर म्हणजेच बंद दार.

म्हणून पंडिता रमाबाईंचं उदाहरण फार बोलकं आहे. जन्म 1858. शाळेचं तोंड पाहिलं नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करला. मग लक्ष्मीबाईंनी तीर्थयात्रेच्या वाटेवर लेकीला शिकवलं. याला होमस्कूलिंग म्हणायचं तर याहून उत्तम उदाहरण सापडणार नाही. 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. आणि या घरी शिकलेल्या बाईंनी 1889 साली मुंबईत काय काढलं? शारदा सदन, म्हणजे शाळा. बाकीच्या मुलींना लक्ष्मीबाईंसारखी आई मिळणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या दोन टोकांमध्ये एक तिसरी वाटही आपल्याकडे निघाली. भावनगरचे गिजुभाई बधेका वकील होते. 1913 साली मुलगा झाल्यावर बालसंगोपनाची पुस्तकं वाचता वाचता त्यांनी वकिली सोडली आणि 1920 साली बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. दोघांनी 'शिक्षणपत्रिके'तून आईवडिलांशी संवाद ठेवला : मारू नका, भीती घालू नका, मुलाच्या हाताला काम द्या. होल्टच्या पन्नास वर्षं आधी! पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ आधी बोर्डीला आणि 1957 साली कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा भरवली. घर आणि शाळा यांतलं एक निवडा, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आजचा कायदा काय म्हणतो? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानलं, पण पालकांना शिक्षा ठेवलेली नाही. घरी शिकणारी बरीच मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावीला बसतात. त्यासाठी वय निदान 14 लागतं.

तर इतिहासातून आपण काय घ्यायचं? घरी शिकवू पाहणाऱ्या पालकांशी आमचं भांडण नाही. शाळेतल्या भीतीबद्दल होल्ट जे सांगून गेला ते आपल्या वर्गांनाही लागू पडतं, आणि त्या पत्रिकेतली पत्रं मुलाकडे धीरानं पाहायला शिकवतात. पण आपल्याकडे शाळेची सक्ती मागितली ती ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांनी. 'मुलाला शाळेची गरज काय' असं विचारताना ते कुणाच्या घरातून विचारतोय, एवढं पाहावं. ज्या घरात लक्ष्मीबाई आहेत तिथे शाळा नसली तरी चालेल. ज्या घरात नाहीत, तिथल्या मुलासाठी चांगली, भीती नसलेली शाळा ही आपली सगळ्यांची जबाबदारी राहते, आपलं स्वतःचं मूल तिथे जात असो वा नसो.

पुढच्या वेळी कोसबाडबद्दल सविस्तर बोलू. आज इथेच थांबतो.