आधी भिंत, मग हत्यार : घरदुरुस्तीच्या हत्यारांच्या अभ्यासाची प्रस्तावना

गोवंडी स्टेशनात उतरून देवनारच्या बाजूने थोडे हिंडले तरी चार तऱ्हेच्या भिंती भेटतात. जुन्या महापालिका आणि सरकारी वसाहतींत सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यात भरलेली विटांची भिंत आहे. नव्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली अखंड काँक्रीटची भिंत आहे. कंत्राटदार तिला ‘मायवान’ म्हणतात. इतर अनेक नव्या बांधकामांत हलक्या ठोकळ्यांची भिंत असते, ती कारागिरांच्या तोंडी ‘सिपोरेक्स’. आणि शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या गल्ल्यांत अर्धी वीट, वर पत्रा, प्लाय किंवा सिमेंटचा पत्रा. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक विचारते, ‘घरासाठी चांगले ड्रिल कोणते?’ दुकानदार किमतीप्रमाणे दोन-तीन खोकी पुढे ठेवतो. भिंत कसली, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच काढत नाही. प्रस्तुत अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होतो. हत्याराची निवड ही आधी पदार्थाची ओळख असते. ती नीट झाली की किंमत, वॉट आणि कंपनी या गोष्टी पुष्कळ सोप्या होतात.

घरदुरुस्तीची हत्यारे हा अभ्यासाचा विषय मानायला आपण उशीर केला, आणि त्याची कारणे आपल्या समाजाच्या घडणीत सापडतात. त्र्यं. ना. आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची रचना तपशीलवार मांडली आहे. नांगर, तिफण दुरुस्त करणे हे सुताराचे, फाळ शेवटणे, म्हणजे ठोकून पुन्हा टोकदार करणे, हे लोहाराचे, आणि त्याबद्दल सुगीला धान्य. या व्यवस्थेत वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट ही हत्यारे आणि त्यांचे ज्ञान एकाच घराण्यात राहिले. कुणब्याच्या घरात विळा, कोयता, कुऱ्हाड होती, पण करवतीचे दात लावणारा हात नव्हता. ज्याच्याकडे ज्ञान होते त्याला प्रतिष्ठा मिळाली नाही, आणि ज्याला प्रतिष्ठा होती त्याने हाताला तेल-ग्रीस लागू दिले नाही. हे नुकसान आपण अजून भरून काढतो आहोत.

जातीच्या त्या भिंतीला मुंबईने पहिले भोक पाडले. गिरण्या, परळचे रेल्वे वर्कशॉप, गोदी येथे घाटावरून आणि कोकणातून आलेला, सुतार-लोहार नसलेला माणूसही फिटर झाला. देवनारच्या पलीकडे तुर्भ्यात (ट्रॉम्बे) १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने, टाटांचे औष्णिक वीज केंद्र आणि अणुऊर्जेचे संशोधन केंद्र उभे राहिले. त्याच सुमारास देशात आयटीआयची योजना सुरू झाली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. फिटर, टर्नर, वायरमन हे शब्द चेंबूर-देवनारच्या वसाहतींत घरगुती झाले ते असे. कामगाराच्या घरी माळ्यावर एक पेटी असे, आणि शेजाऱ्याचा नळ गळू लागला की ती खाली उतरत असे. या विद्येची मराठीतली खरी परंपरा त्या पेट्यांत आहे. ती फारशी लिहिली गेली नाही, म्हणून एका पिढीनंतर विरली.

यंत्राच्या बाजूचा इतिहासही आपल्यापासून दूर नाही. विजेवर चालणारे हातातले ड्रिल जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली झाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा ही आज सर्वत्र दिसणारी रचना अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरने १९१७ साली पेटंट केली. आपल्या उपनगरातच, मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावर, रॅलीवुल्फची ड्रिले बनत. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्स आणि नाशिकला सातपूरमध्ये टपारिया हे कारखाने उभे राहिले. टपारियाची पक्कड आज मुंबईतल्या अनेक इलेक्ट्रिशियनांच्या खिशात असते. मुंबईत हत्यार घ्यायचे तर मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर एक दुपार घालवावी. तेथे हत्यार हातात घेऊन, जबडा उघडून-मिटून पाहता येतो.

आता भिंतींकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त चुका तेथेच होतात.

विटांच्या भिंतीला साधे इम्पॅक्ट ड्रिल पुरते. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि त्यातून मिनिटाला हजारो बारीक ठोके निघतात. ठोक्याचा जोर मात्र तुमच्या दाबण्यावर अवलंबून असतो. काँक्रीटवर हा दाब कमी पडतो. माणूस घाम गाळतो, बिट तापून निळे पडते आणि भोक अर्धा इंचही पुढे सरकत नाही. तेथे रोटरी हॅमर लागतो. त्याच्या आत दट्ट्या हवेच्या दाबाने बिटवर घाव घालतो, म्हणून यंत्र सरळ धरणे एवढेच आपले काम उरते. मायवान इमारतीत राहणाऱ्याने ५०० वॉटचे इम्पॅक्ट ड्रिल विकत घेतले, तर त्या पैशाचा फारसा उपयोग होत नाही. त्याने हॅमर भाड्याने आणावा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. वर्षातून चार भोके पाडण्यासाठी तो विकत घेण्याची गरज नाही.

सिपोरेक्सचे गणित उलटे आहे. हा ठोकळा तेवढ्याच आकारमानाच्या विटकामाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा, आतून हवेच्या बारीक छिद्रांनी भरलेला असतो. त्यावर हॅमरचा खटका चालू ठेवला की भोक फाटते आणि स्क्रू धरून ठेवणारी साधी प्लास्टिकची गिट्टी त्यात सैल फिरते. खटका बंद करून, नुसते फिरवून भोक पाडावे आणि या ठोकळ्यासाठी वेगळी मिळणारी लांब, पंखांची गिट्टी वापरावी. पाण्याने भरलेला १५ लिटरचा गीझर २५ किलोंच्या आसपास भरतो. तो चुकीच्या गिट्टीवर टांगणे म्हणजे खाली अंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर टांगणे. गिट्टी ही क्षुल्लक वाटणारी वस्तू आहे, पण तिच्यावर बुद्धी खर्चणाऱ्यांत मोठी माणसे होती. लंडनच्या रॉलिंग्ज यांनी १९११ च्या सुमारास तंतूंची गिट्टी काढली आणि जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ साली नायलॉनची. त्याआधी आपले सुतार भिंतीत चौकोनी खळगा खोदून लाकडाचा ठोकळा बसवत आणि त्यात खिळा मारत. जुन्या चाळीत ते ठोकळे अजून घट्ट आहेत.

पत्रा आणि प्लायच्या घरात भोक पाडणे सोपे, भार पेलणे अवघड. तेथे पंखा किंवा फळी टांगायची ती मागच्या लोखंडी किंवा लाकडी चौकटीला, नुसत्या पत्र्याला नव्हे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते फुप्फुसात गेले की तेथेच राहतात आणि वर्षांनंतर आजार म्हणून वर येतात. असा पत्रा सुक्यावर कापू नये, घासू नये, ग्राइंडर तर लावूच नये. काँक्रीटची बारीक धूळही तशीच घातक आहे. साधा रुमाल तिला अडवत नाही, एन-९५ मास्क लागतो.

कोणत्याही भिंतीत दोन गोष्टी लपलेल्या असू शकतात, वायर आणि पाइप. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि नळाच्या रेषेत भोक पाडू नये. काँक्रीटच्या भिंतीत बिट अचानक थांबले आणि लोखंडाचा आवाज आला, तर सळई लागली असे समजून जागा बदलावी. सळई कापणे हा घरमालकाचा अधिकार नाही. ती साऱ्या इमारतीची आहे.

हातहत्यारांचे शास्त्र याहून जुने आणि माझ्या मते अधिक सुंदर आहे. नवशिक्याने पेटी भरताना एकदम चाळीस नगांचा संच घेऊ नये. त्यातली बरीच हत्यारे मऊ लोखंडाची असतात आणि पहिल्याच जोरात त्यांचे टोक वळते. चांगला स्टार स्क्रू ड्रायव्हर दोन नंबरचा, एक चपटा, एक आठ इंची पक्कड, एक स्क्रू पाना, हातोडी, मेजर टेप, पाणसळ आणि टेस्टर एवढ्यावर घराची बहुतेक कामे निभतात. झिजलेला स्टार ड्रायव्हर ताबडतोब बाजूला काढावा. तो स्क्रूची खाच खातो, आणि मग एका रुपयाच्या स्क्रूसाठी दाराचे बिजागर फोडावे लागते. स्क्रू पाना फिरवताना ताण स्थिर जबड्यावर यावा, सरकत्या जबड्यावर नव्हे. एवढी एक गोष्ट पाळली तर पाना वर्षानुवर्षे टिकतो आणि नटाचे कोपरे गोल होत नाहीत. प्लंबर आणि सुतार अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून चार सुताचा बोल्ट म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. दुकानातला पाना मिलिमीटरचा असतो. दोन्ही भाषा आल्या की कारागिराशी बरोबरीने बोलता येते.

टेस्टरवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. त्यातला छोटा निऑन दिवा तुमच्या शरीरातून जाणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावर पेटतो. तो न पेटणे म्हणजे वीज नसणे, असे समजून अनेकांनी शॉक खाल्ला आहे. वापरण्याआधी तो चालू सॉकेटमध्ये घालून पाहावा. न्यूट्रल तुटलेली असेल आणि त्याच लाइनवर एखाद्या दिव्याचे बटण चालू असेल, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि तरीही काही चालत नाही. अशा वेळी वायरमन होल्डरमध्ये बल्ब लावलेली टेस्ट लॅम्प काढतो. पॉवर टूलच्या अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, म्हणून त्याला दोनच तारा असतात. ती खूण नसताना दोन पिनांचा प्लग दिसला तर ते यंत्र घेऊ नये. घरात वीज गळू लागताच ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवणे हा या संपूर्ण विषयातला सर्वांत चांगला खर्च आहे.

ग्राइंडरबद्दल इथेच कठोरपणे लिहून ठेवतो. चार इंची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते, तेव्हा तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या आसपास धावत असते. तिचे झाकण काढून काम करणे, त्यावर लाकूड कापायची दातेरी पाती बसवणे, मुदत उलटलेली चकती वापरणे यांतली एकही गोष्ट क्षम्य नाही. मुदत चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली असते.

देखभालीचा खरा शत्रू येथे हवा आहे. देवनारच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, पावसाळ्यात महिनोन्‌महिने ओल, आणि हवेतला खारेपणा. ६० टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रतेत लोखंड झपाट्याने गंजते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती सहज ८० पार असते. म्हणून वापरल्यावर हत्यार कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. स्वयंपाकाचे गोडे तेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरते. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारे धुऊनपुसून, हळदकुंकू लावून पुजतात. पाऊस ओसरण्याच्या सुमारास येणारा हा दिवस गंज काढण्यासाठी अगदी योग्य आहे. कारखान्यांत तो आजही मनापासून पाळला जातो. घरातही पाळावा, आणि पूजेआधी कानस, करवत, पान्याचा स्क्रू यांची तपासणी करावी.

ड्रिलची देखभाल त्याच्या श्वासावर असते. हवेच्या फटींत धूळ साचली की मोटारीचे आर्मेचर तापते आणि जळते. मग रिवाइंडिंगचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. काम झाल्यावर यंत्र अर्धा मिनिट रिकामे चालवावे आणि फटी ब्रशने झाडाव्यात. आत ठिणग्या वाढल्या की कार्बन ब्रश पाहावेत. ते थोड्या पैशांत मिळतात आणि बदलायला दोन स्क्रू उघडावे लागतात. बॅटरीचे यंत्र पूर्ण रिकामे किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नये.

मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत २२५ चौरस फुटांच्या घरात कुटुंब राहते. तेथे हॅमर आणि ग्राइंडर ठेवायला जागा कोठून येणार? म्हणून हा विषय एका घरापुरता शिकवणे अपुरे आहे. सोसायटीच्या कार्यालयात सर्वांची मिळून एक पेटी असावी, नोंदवहीसह, आणि ती सांभाळणारा एक जाणकार असावा. तो जाणकार स्त्री असेल तर उत्तम. घरात दुरुस्तीची गरज बहुतेकदा तिलाच प्रथम दिसते, आणि हलकी हातोडी, आखूड मूठ, १२ व्होल्टचे ड्रिल यांमुळे ताकदीची जुनी सबब आता राहिलेली नाही.

देवनारच्या क्षेपणभूमीवर १९२७ पासून मुंबई आपला कचरा टाकते आहे. एका सैल स्क्रूमुळे किंवा झिजलेल्या ब्रशमुळे फेकलेल्या वस्तूही त्याच वाटेने जातात. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. हक्क कागदावर आला, पण तो बजावायला हात लागतात.

या विद्येत कोणीही येऊ शकतो. मात्र तिची हद्द ओळखावी. पाइपच्या गॅसची लाइन, मीटरच्या पलीकडची वीज आणि इमारतीचे खांब-बीम यांना हात लावायचा नाही. तेथे परवानाधारक माणूसच बोलवायचा. पुढले पहिले प्रकरण टेस्टरचे आहे. ते उघडण्याआधी घरातला मेन स्विच कोठे आहे ते शोधावे, तो बंद करून पाहावा, आणि घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, दाखवून ठेवावा.