चार तासांचा विलंब

बालकांवरील लैंगिक अत्याचाराविषयी जुन्या वाङ्मयात फारसे काही हाती लागत नाही. लागते ते न्यायालयांच्या दप्तरांत. हे निकाल वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही संहिता म्हणून वाचावेत, असे आम्हांस वाटते. ‘रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९५१ मधील निकाल त्या दृष्टीने लक्षणीय आहे. तो लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस तत्पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

मुलगी आठ वर्षांची. घरी परतली तेव्हा आई आडवी झालेली होती. मुलगीही झोपी गेली. आईला तिने सांगितले ते सुमारे चार तासांनी. या चार तासांवर वाद झाला! तेव्हाच्या १८७२ च्या पुरावा कायद्याप्रमाणे घटनेच्या सुमारास केलेले कथन साक्षीला दुजोरा देऊ शकत असे. पण चार तास म्हणजे ‘सुमारास’ काय? परिस्थिती पाहता शक्य तितक्या लवकर आणि कोणी पढविण्याआधी सांगितले असेल तर पुरे, असे बोस यांनी ठरविले. शपथेचे पावित्र्य तिला उमगत नाही म्हणून तिला शपथ दिली गेली नव्हती. त्यानेही तिची साक्ष बाद होत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला.

आम्हांस अधिक बोलका वाटतो तो मधला टप्पा. सत्र न्यायाधीशांनी आरोपीला सोडले, ते मुलीवर अविश्वास दाखवून नव्हे. पुरावा नैतिकदृष्ट्या पुरेसा, कायद्याच्या दृष्टीने अपुरा, असे त्यांचे म्हणणे. मुलीचे खरे मानायचे आणि तरी ते पुरेसे नाही म्हणायचे! दुजोरा हा सावधगिरीचा नियम आहे, कायद्याची अट नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते यासाठी.

तथापि ‘शक्य तितक्या लवकर’ या कसोटीत एक गृहीत उरतेच: मूल सांगेल ते लगेच. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्ये नेमके याविरुद्ध लिहिले. गुप्तता, असहायता, जुळवून घेणे, उशिरा आणि अडखळत सांगणे, मग सांगितलेले मागे घेणे, हा क्रम त्यांना अत्याचारित मुलांत दिसला. अत्याचार करणारा घरातलाच असेल तर चार तास कशाला, चाळीस वर्षेही अपुरी पडतात.

आपल्याकडे २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने जबाब घेताना पोलिसाने गणवेशात असू नये, वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांनी मुलाला विचारावेत, अशा तरतुदी केल्या. त्या सगळ्या मूल बोलल्यानंतरच्या आहेत.