लोटलीची रोजनिशी आणि आमचा रोजमेळ

आपण इथे बहुतेक आपापल्या वाड्यांविषयी, देवस्थानांविषयी, आजोबा-पणजोबांविषयी लिहितो. आज जरा नदीपलीकडच्या एका वहीबद्दल लिहितो. वही एका तरुण चित्रकाराची आहे आणि वर्ष १९५१.

मारिओ मिरांडा हे नाव ठाऊक नसलेला माणूस विरळाच. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरची चित्रं त्यांची. मिस निंबूपाणी, मिस फोन्सेका, बंडलदास ही मंडळी त्यांची. महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्या पुतण्या-भाच्यांनी बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकात त्यांची चित्रं पाहिली असतील, नाव न वाचता. पण मला आज म्हातारपणीचे पद्मभूषण मारिओबाब नकोत. पंचविशीतला, नोकरी नसलेला, गावात आणि मुंबईत हिंडणारा मारिओ हवा आहे.

जन्म २ मे १९२६, दमणचा. वाढले साष्टीतल्या लोटलीला. लहानपणी घराच्या भिंती रंगवायचे म्हणून आईने कोरी वही आणून दिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शाळा बंगळूरची, सेंट जोसेफ. मग मुंबईत सेंट झेवियर्समधून इतिहास घेऊन बी.ए. घरच्यांच्या इच्छेखातर वास्तुशास्त्राला नाव घातलं, तिथे मन रमलं नाही. या सगळ्यात एक गोष्ट सुटली नाही, ती म्हणजे रोजनिशी. रोज एक पान, त्यावर चित्र आणि बाजूला चार ओळी. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या वह्या पुढे पुस्तकरूपाने छापून आल्या, आणि १९५१ची मी दोनदा अथपासून इतिपर्यंत पाहिली आहे. गावातली लग्नं, मयतं, फेस्तं, पाद्री, दुपारची झोप, मित्रांच्या मैफली. एरवी कुणी लिहून ठेवणार नाही अशा गोष्टी.

आता ही वही आमच्या घरच्यासारखी का वाटते ते सांगतो.

आम्ही अंत्रुजातले, म्हणजे फोंडा महालातले. आमचा देव रामनाथ. रामनाथाचं देऊळ आज बांदिवड्याला आहे, पण मूळ स्थान लोटलीचं. सोळाव्या शतकात साष्टीत देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा देव नदी ओलांडून अलीकडे आले. अंत्रुज तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता, तो १७६३ साली त्यांच्या हाती गेला. म्हणून एका बाजूला जुन्या काबिजादी आणि दुसऱ्या बाजूला नव्या. आमच्या घरी देवाची कूळकथा सांगताना लोटलीचं नाव यायचंच. मिरांडा घराणंही मूळचं सरदेसाई, सारस्वत, असं त्या घराण्यात सांगतात. म्हणजे देव पलीकडून अलीकडे आले आणि काही माणसं धर्म बदलून तिथेच राहिली. मधे जुवारी नदी. बोरीचा पूल तेव्हा नव्हता. होडीने जायचं.

आणि होडीत सगळे कोंकणीच बोलायचे. भाटकार असो की मुंडकार, पाद्री असो की भटजी, तारयाला हाक कोंकणीत.

लिहिताना मात्र फारसं कुणी कोंकणीत लिहीत नसे. लोटलीसारख्या गावातल्या भाटकारांच्या घरी जेवणाच्या टेबलावर पोर्तुगीज, नोकरमाणसांशी कोंकणी, शाळा इंग्रजी. आमच्या घरात बोली कोंकणी आणि आरती, पोथी, पत्र, हिशेब सगळं मराठी. सरकारी कागद पोर्तुगीज. मुंबईच्या व्यापाऱ्याला तार करायची तर इंग्रजी. कोणती भाषा कुणाची, यावर गोव्यात गेली साठ-सत्तर वर्षं पुष्कळ भांडण झालं आहे आणि १९६७च्या ओपिनियन पोलच्या वेळचे शब्द अजून काही घरांत विसरलेले नाहीत. त्यात मला आज शिरायचं नाही. एवढंच म्हणतो की एकाच होडीतून उतरलेले दोघे घरी जाऊन दोन वेगळ्या लिप्यांत लिहीत होते, आणि एकाचं दुसऱ्याला वाचता येत नव्हतं.

माझ्या आजोबांचाही १९५१चा रोजमेळ आमच्याकडे आहे. मोडीत, बोरूने लिहिलेला, लाल कापडाच्या बांधणीचा. आजोबा काही चित्रकार नव्हते. सुपारी, नारळ, भात, देवळाची वर्गणी, कुळांची देणी-घेणी. पण वर्ष तेच आणि नदीही तीच. मी कॉमर्सचा माणूस, सगळी हयात बँकेत खतावण्या तपासण्यात गेली, तेव्हा मला रोजमेळ वाचायचा म्हटला की कंटाळा येत नाही. त्यातही गंमत आहे. मोडी अक्षरांत पोर्तुगीज शब्द! ‘पापेल सेलाद’, म्हणजे मुद्रांकाचा कागद. ‘रेजेदोर’, म्हणजे गावचा अधिकारी. ‘आल्फांद’, म्हणजे जकात. हिशेब रुपयांचा, पण हा रुपया पोर्तुगीज रुपिया, १६ टांगांचा, नोटा बांको नासिओनाल उल्त्रामारिनोच्या. या बँकेची गोव्यातली शाखा १८६८ची. १९५८-५९च्या सुमारास रुपिया जाऊन एस्कुदो आले, सहा एस्कुदोंना एक रुपिया या दराने, आणि आजोबांच्या वहीत तिथून पुढे दोन रकाने दिसतात. त्यांचा एस्कुदोवर भरवसा बसला नव्हता असं दिसतं, कारण बेरीज ते शेवटपर्यंत रुपयांतच करत.

बँकेचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९६१च्या अखेरीस याच बँकेने गोवेकरांचं तारण ठेवलेलं सोनं लिस्बनला पाठवलं. पाटल्या, मोहनमाळा, मंगळसूत्रं. ते परत आलं १९९१ साली. तीस वर्षं! मारिओबाबांच्या आधी गोव्याच्या बायकांचे दागिने लिस्बन पाहून आले असते तर गोष्ट जास्त मजेची झाली असती, पण तसं नाही. मारिओबाब १९५९लाच गेले, गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर. एक वर्ष पोर्तुगालात, मग पाच वर्षं लंडनला.

तर १९५१. जगात काय चाललं होतं? पोर्तुगाल १९४९च्या एप्रिलमध्ये नाटोच्या संस्थापकांत जाऊन बसला होता. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारत सरकारने गोव्याच्या हस्तांतरणाची बोलणी करू या असं कळवलं, पोर्तुगालने नकार दिला. ११ जून १९५१ला त्यांनी घटनाच बदलली आणि गोवा ‘वसाहत’ राहिला नाही, ‘सागरापलीकडचा प्रांत’ झाला. म्हणजे कागदावर आम्ही एका रात्रीत युरोपच्या एका देशाचा तुकडा झालो. त्याआधी १८ जून १९४६ला लोहियांनी मडगावात सभा घेतली होती. लोटली तिथून फार लांब नाही.

रोजनिशीत हे शोधायला गेलेल्याच्या हाती फारसं लागत नाही. मला तरी तिच्यात राजकारणापेक्षा माणसंच जास्त दिसली. काही जाणकार यावरून नाक मुरडतात: देश पेटला होता आणि हा पोरींची, पाद्र्यांची चित्रं काढत होता. मला हे पटत नाही. सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापायचं काहीही आधी सेन्सॉरकडे जायचं. वर्तमानपत्रंच काय, लग्नपत्रिकासुद्धा. माझ्या थोरल्या आत्याचं लग्न त्याच १९५१चं, आणि रोजमेळात पत्रिका छापायच्या खर्चाच्या वर एक ओळ आहे: सेंसुराकडे जाण्यायेण्याचं होडीभाडं. हाताने लिहिलेल्या वहीला मात्र सेन्सॉर नाही. त्यामुळे त्या काळाचं गोव्यातलं बिनशिक्क्याचं लेखन शोधायचं तर ते अशाच खासगी वह्यांत सापडणार. पाद्र्याचं पोट कसं दिसतं हे काढायलाही तेव्हाच्या गोव्यात धाडस लागत होतं.

आजोबांच्या वहीत जगाची बातमी दुसऱ्याच वाटेने येते, भावातून. १९५५नंतर भारताने नाकेबंदी केली. कॅसलरॉकवरून येणारी गाडी थांबली, मुंबईच्या बोटी त्याआधीच बंद झाल्या होत्या. त्या वर्षीच्या पानांवर आमच्या सुपारीच्या विक्रीत मुंबईचं नाव एकदम दिसेनासं होतं. आणि स्वयंपाकघरात परदेश येतो: ‘ओलांद बटाटे’, म्हणजे हॉलंडचे. सिलोनचा चहा. पाकिस्तानचे तांदूळ. ज्या बाईने मडगावापलीकडचं जग पाहिलं नव्हतं ती, म्हणजे माझी आजी, हॉलंडच्या बटाट्यांची भाजी करत होती. ‘सपक लागतात’ असं ती सांगायची, हे आईकडून ऐकलेलं.

प्रवासाचंही तसंच. मारिओबाब मुंबईला आले ते इतर हजारो गोवेकरांसारखेच, नशीब काढायला. जाहिरातीच्या स्टुडिओत चार वर्षं, मग ‘करंट’ साप्ताहिकात व्यंगचित्रं, मग टाइम्स. धोबीतलावच्या बाजूला गावोगावच्या ‘कुडी’ होत्या, क्रिस्तांव गोवेकरांची राहण्याची सोय. आमच्या लोकांची सोय गिरगावात, नातेवाइकांच्या खोल्यांत. अंतर चालत पंधरा-वीस मिनिटांचं. माझे दोन चुलते गिरगावात दहा वर्षं राहिले, धोबीतलावच्या एकाही कुडीत कधी गेले नाहीत. जायचं काय कारण, असंच त्यांना वाटलं असेल. पलीकडच्यांनाही तसंच.

१९६१च्या १८-१९ डिसेंबरला भारतीय सैन्य आलं तेव्हा मारिओबाब लंडनमध्ये होते. पोर्तुगीज राजवटीतून गेलेला तरुण परत आला तो भारतीय गोव्यात. त्यांच्या घरावर तो बदल कसा आला असेल, याची कल्पना करायची तर श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ पाहा. १९८५चा. लोटलीच्या त्याच घरात चित्रित झाला आहे. आम्हा लोकांना १९ डिसेंबर म्हणजे पेढे आणि तिरंगा. त्या घरांतून त्या दिवशी काय बोललं गेलं असेल, ते आम्ही कधी विचारलंच नाही. त्या सिनेमात ते थोडंसं ऐकू येतं, जेवणाच्या टेबलावरून.

मारिओबाब परत आले, मुंबईत नाव कमावलं आणि उतारवयात लोटलीला येऊन राहिले. मनोहर माळगावकरांच्या ‘इनसाइड गोवा’ या १९८२च्या पुस्तकातली चित्रं त्यांची. माळगावकर राहायचे आमच्या घाटावर, जगलबेटच्या रानात, तेव्हा खानापूर-बेळगावकडच्या वाचकांना दोघेही शेजारीच. ११ डिसेंबर २०११ला मारिओबाब गेले. पद्मविभूषण त्यानंतर मिळालं.

त्यांच्या वह्या वाचवणारं कुणीतरी भेटलं, छापणारं भेटलं, म्हणून आज त्या आपल्यासमोर आहेत. आमच्याकडच्या रोजमेळांच्या सोळा वह्यांपैकी पाचांना वाळवी लागलेली आहे. घराची वाटणी झाली तेव्हा एक पेटी रद्दीत जायची होती. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, हें वाचता कोण?’’ प्रश्न बरोबरच होता. मोडी येणारं घरात कुणी उरलं नाही. मला सह्या आणि आकडे लागतात, मजकूर पुरता लागत नाही.

सध्या बेळगावच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे पानांचे फोटो पाठवतो आणि त्या देवनागरी करून परत पाठवतात. दर आठवड्याला दहा-बारा पानं होतात. पैसे घ्यायला तयार नाहीत, सुपारी घेतात. १९५१चा आषाढ संपला आहे. गेल्या आठवड्यातल्या पानांत लोटलीच्या कुणा ‘पेद्रू’कडून माडाची रोपं आणल्याची नोंद निघाली: नग २०, होडीसह. पैसे पुढच्या महिन्यात द्यायचे ठरले होते. ते दिले की नाही हे श्रावणाची पानं आली की कळेल.