एनएफएस क्लायंट ठप्प होणे
दूरच्या सर्व्हरवरील फाइली स्थानिक फाइलींप्रमाणे वापरता याव्यात म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ मध्ये विकसित केलेल्या नेटवर्क फाइल सिस्टीममध्ये (एनएफएस), सर्व्हरचे उत्तर न आल्यामुळे युनिक्स क्लायंटवरील प्रक्रिया अडकून पडण्याची अवस्था. ‘हार्ड’ जोडणीत, म्हणजे नेहमीच्या मांडणीत, क्लायंट उत्तर मिळेपर्यंत विनंती पुन्हापुन्हा पाठवत राहतो. त्यामुळे हे थांबणे बिघाडापेक्षा डेटाच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम स्वीकारलेले वर्तन ठरते. ‘सॉफ्ट’ जोडणी ठरावीक प्रयत्नांनंतर त्रुटी कळवून मोकळी होते. परंतु पुष्कळ प्रोग्रॅम ती त्रुटी तपासतच नसल्याने फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते, आणि मग रोगापेक्षा इलाज भयंकर अशी गत होते.

लिनक्सवर ‘पीएस’ आदेशाच्या यादीत अशी प्रक्रिया ‘डी’ या अक्षराने, म्हणजे व्यत्यय न घेणाऱ्या निद्रावस्थेत, दिसते. सर्व जोडण्यांची विचारपूस करणारा ‘डीएफ’ आदेश अशा वेळी स्वतःच अडकतो, म्हणून तपासाची सुरुवात त्याने न करता कर्नलच्या नोंदी वाचून करणे शहाणपणाचे असते. त्यानंतर सर्व्हरचे पोर्ट २०४९ आणि मधली फायरवॉल पाहावी लागते. लहान निर्देशिकेची यादी झटकन येते, पण मोठी फाइल वाचताच सारे थांबते, असे असल्यास वाटेवरील पॅकेटच्या कमाल आकारातील तफावतीचा संशय घ्यावा. ‘लेझी’ पद्धतीने जोडणी काढल्यास मार्ग दिसेनासा होतो, मात्र आधीच अडकलेल्या प्रक्रिया त्यामुळे सुटतातच असे नाही. हार्ड जोडणीत सर्व्हर पूर्ववत झाल्यावर त्या बहुधा आपोआप पुढे सरकतात.