निळं अंडं आणि अनाहाइमचं तिकीट

आजचा विषय ऐकून काही जण हसतील, कारण आज आपण एका निळ्या पिल्लाबद्दल बोलणार आहोत. धड मासा नाही, धड बेडूक नाही, तोंडातून सतत गुळगुळ आवाज. नाव मर्की. हा प्राणी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या ऑनलाइन गेममध्ये राहतो, तुमच्या पात्राच्या मागे मागे तुरुतुरु चालतो आणि बाकी काहीही करत नाही. पण तो कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, यावरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

मर्कीकडे जाण्याआधी नऊ वर्षं मागे, जपानला जाऊ या. तिथला हिशेब समजला की पुढचा वाद कळायला सोपा जातो.

फेब्रुवारी १९९६. निंटेंडोच्या गेम बॉयवर पोकेमॉनचे पहिले दोन गेम आले. अधिकृत पोकेमॉन १५०. पण शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने अगदी शेवटच्या क्षणी, चाचणीसाठीचा कोड काढून टाकल्यावर कार्ट्रिजमध्ये जी तीनेकशे बाइट जागा उरली, तिच्यात १५१वा पोकेमॉन बसवून ठेवला. त्याचं नाव म्यू. तो खेळाडूंना मिळावा असा बेत नव्हता. पण गेममधल्या चुकांमुळे काही मुलांना तो दिसला आणि शाळाशाळांत कुजबुज सुरू झाली. मग 'कोरोकोरो' या मुलांच्या मासिकाने सोडत जाहीर केली. २० जणांना म्यू मिळणार होता. अर्ज आले सुमारे ७८,०००.

म्हणजे जवळजवळ ३,९०० मुलांत एक! आकडा म्हणून बघितलं तर याच्याइतकी अन्यायकारक गोष्ट नाही. पण पत्र पाठवायला लागत होतं फक्त पोस्टाचं तिकीट. टोकियोतल्या पोराची आणि कागोशिमाच्या खेड्यातल्या पोराची संधी अगदी सारखी. नाही मिळालं तर नशीब, आणि नशिबावर माणूस फार काळ रुसत नाही. हे जरा लक्षात ठेवा.

आता अमेरिका. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये आला. पुढच्याच वर्षी, २८ आणि २९ ऑक्टोबर २००५ला, ब्लिझर्ड कंपनीने चाहत्यांचा पहिला मेळावा भरवला. ब्लिझकॉन. जागा होती कॅलिफोर्नियातलं अनाहाइम, डिस्नेलँडला लागूनचं कन्व्हेन्शन सेंटर. तिथेच का? कारण कंपनीचं ऑफिस जवळच, अर्व्हाइनला. घरचं कार्य घराजवळच्या हॉलमध्ये, इतकं ते साधं होतं. सुमारे ८,००० लोक आले. प्रत्येकाला एक कोड मिळाला. तो भरला की गेममध्ये निळं अंडं, आणि अंड्यातून मर्की.

त्याच डिसेंबरात कंपनीने जाहीर केलं की जगभरातले वर्गणीदार ५० लाख झाले. म्हणजे ६२५ खेळाडूंत एकाकडे मर्की. म्यूच्या सोडतीपेक्षा हे प्रमाण कितीतरी उदार! तरी राग जास्त. का? कारण इथे चिठ्ठी उचलली गेली नव्हती. कोणाला मिळणार हे आधीच ठरलं होतं: जो अनाहाइमपर्यंत पोचू शकतो त्याला.

मेळाव्याची बाजू घेणारे तेव्हा दोन गोष्टी सांगत, आजही सांगतात. पहिली, ही नुसती शोभेची वस्तू आहे, तिच्याने तलवारीला धार येत नाही. दुसरी, ही आठवण आहे, जे आले त्यांची.

पहिला मुद्दा मला कधीच पटला नाही. हजारो लोक एकाच गावातल्या चौकात आपापली पात्रं घेऊन उभी राहतात, अशा गेममध्ये दिसणं हाच निम्मा खेळ असतो. लग्नात पैठणी नेसून येणारीला कोणी "कापडच तर आहे" म्हणतं का? शिवाय पुढे शोभेची वस्तू शोभेपुरती राहिली नाही. २००८च्या शेवटी गेममध्ये 'अचिव्हमेंट' आल्या आणि पाळीव प्राण्यांची मोजदाद सुरू झाली. २०१२ मध्ये तर या पिल्लांच्या आपसांत लढाया लावता येऊ लागल्या. ज्याला 'काही उपयोग नाही' म्हटलं होतं, त्याला कंपनीनेच काम दिलं.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. लांबून प्रवास केला, रांगेत उभं राहिलो, त्याची खूण जवळ असावी ही इच्छा अगदी माणसाची आहे. आपल्याकडे पंढरपूरला जाऊन आलेला माणूसही रिकाम्या हाताने परतत नाही. पण तो प्रसाद आणतो आणि आळीत वाटतो. न गेलेल्याच्या हातावरही चार चुरमुरे पडतात. मर्की वाटता येत नव्हता. अंडं ज्याच्या खात्यात गेलं, त्याच्याच खात्यात राहिलं.

विकता मात्र येत होता! गंमत इथेच आहे. न वापरलेला कोड म्हणजे कागदावरची अक्षरं, ती कोणीही भरावीत. हे कोड ईबेवर आले आणि त्यांना शेकडो डॉलर मोजले गेले. अनाहाइममध्ये पाऊलही न ठेवलेल्या माणसाच्या मागे मर्की चालू लागला, आणि तिथे जाऊन कोड विकलेल्याच्या मागे कोणीच नाही. मग ही आठवण कोणाची? वस्तू हजेरीची खूण म्हणून दिली, पण हजेरी तपासायची सोय तिच्यात नव्हती.

कंपनीने रीत चालू ठेवली. जून २००८ मध्ये पॅरिसच्या मेळाव्यात छोटा टिरेयल, त्याच वर्षी ऑक्टोबरात अनाहाइमला स्वारीसाठी पांढरं अस्वल. पॅरिसमुळे युरोपवाल्यांची थोडी सोय झाली म्हणा. बाकीच्यांचं काय? आपलंच उदाहरण घ्या. २००९च्या ब्लिझकॉनचं तिकीट होतं १२५ डॉलर. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जाची फी होती १३१ डॉलर, आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. म्हणजे मुंबईतल्या खेळाडूला विमानाचा विचार करण्याआधीच, नुसतं दार ठोठावायला तिकिटापेक्षा जास्त खर्च. अनाहाइमच्या शेजारच्या गावातला पोरगा मात्र गाडीत पेट्रोल भरून येणार. वर्गणी दोघं भरतात.

त्याच सुमारास एक मोठा बदल झाला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण तेच. डायरेक्टीव्ही या उपग्रह सेवेबरोबर करार करून कंपनीने मेळावा घरबसल्या बघायची सोय केली. किंमत ३९.९५ डॉलर. आणि जो पैसे भरून बघेल त्याला ग्रंटी मिळेल. अवकाशातल्या सैनिकाचं चिलखत घातलेलं मर्लॉकचं पिल्लू. हॉलमध्ये बसलेल्यांना जे, तेच घरी बसलेल्यांना.

वरवर पाहता वाद मिटला. दार रुंद झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. अनाहाइमला सकाळचे अकरा म्हणजे ऑक्टोबरात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, पण जागरण परवडतं, विमान परवडत नाही. पुढे याचंच 'व्हर्च्युअल तिकीट' झालं आणि ते वर्षानुवर्षं चाळीस डॉलरच्या आसपास विकलं गेलं. पण प्रश्न कसा बदलला बघा. आधी विचारत होते, "तू तिथे होतास का?" आता विचारतात, "तू पैसे भरलेस का?" न्यायाची मागणी केली लोकांनी, आणि उत्तर म्हणून आलं दरपत्रक. हजेरीची खूण कंपनीला जपताच आली नाही असं मी म्हणेन. ती जपण्यापेक्षा विकणं सोपं होतं.

दुसरा रस्ता नव्हता का? होता, आणि तो पुन्हा पोकेमॉनवाल्यांनीच दाखवला. 'पोकेमॉन गो' भारतात अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये आला. जुलै २०१८ला शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये त्या गेमचा मेळावा झाला आणि तिकीट काढून आलेल्यांना सेलेबी हा दुर्मीळ पोकेमॉन पकडता आला. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, तोच सेलेबी जगभर सगळ्यांसाठी खुला झाला, फुकट. शिकागोला गेलेल्याला महिनाभर मिरवता आलं, आणि दादरच्या शिवाजी पार्कात फिरणाऱ्यालाही कायमचं मुकावं लागलं नाही. 'आधी तुम्हाला' आणि 'फक्त तुम्हाला' यातला हा फरक. जुने कट्टर चाहते यालाही नाक मुरडतात. मुरडू देत.

ब्लिझकॉनची गोष्ट अजून थोडी उरली आहे. २०२० मध्ये साथीमुळे मेळावा झाला नाही. त्याऐवजी १९ आणि २० फेब्रुवारी २०२१ला तो संपूर्ण ऑनलाइन भरला. ना हॉल, ना रांगा, ना व्हिसा, आणि बघायला तिकीटसुद्धा नाही. सगळं जग पहिल्यांदाच एका ओळीत बसलं. कोणी हजर नव्हतं, त्यामुळे हजर राहण्याचं बक्षीस असायचं कारणच उरलं नव्हतं. तरीही गेममधल्या खास वस्तू होत्या. तीन पुड्यांत बांधलेल्या, साधारण वीस, चाळीस आणि साठ डॉलरला.