संग्रहालयातील शिक्षक-कार्यशाळा : पडघा परिसराच्या संदर्भात

संग्रहालयातील वस्तू वर्गातल्या अध्यापनात कशा वापराव्यात, हे त्या वस्तूंसमोरच शिक्षकांना शिकवणारे अल्पमुदतीचे प्रशिक्षण. ते बहुधा एक ते तीन दिवसांचे असते. इतिहास, परिसर अभ्यास, कला आणि विज्ञान हे त्याचे नेहमीचे विषय. विद्यार्थ्यांच्या सहलीहून याचे स्वरूप वेगळे आहे. सहलीत मूल दालनातून चालत जाते आणि बाहेर पडते. कार्यशाळेत शिक्षक एका वस्तूपाशी तासभर थांबतो. जी शाळा संग्रहालयापासून दूर आहे, तिच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, आणि ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यासारख्या गावाचा विचार या नोंदीत त्यासाठीच केला आहे.

पूर्वपीठिका : शिक्षकांना घडवण्यासाठी संग्रहालय वापरण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर उभे राहिलेले साउथ केन्झिंग्टनचे संग्रहालय कलाशिक्षकांच्या प्रशिक्षणाशी सुरुवातीपासून जोडलेले होते. त्याच वातावरणात मुंबईतही हालचाल झाली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी वस्तू जमवताना येथे कायम संग्रह असावा असा विचार पुढे आला. डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले संग्रहालय १८७२ मध्ये भायखळ्याच्या सध्याच्या वास्तूत लोकांसाठी खुले झाले. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडले.

या संग्रहालयात वेगवेगळ्या जातिजमातींची, कारागिरांची आणि वेशभूषांची मातीची छोटी प्रतिमाने आहेत. शिक्षकांसाठी ती उत्तम सामग्री आहे आणि तितकीच अवघडही. वसाहतकालीन राज्यकर्त्यांनी माणसांना नमुन्यांसारखे मांडले, त्या मांडणीचा ठसा या प्रतिमानांवर आहे. ‘पूर्वी लोक असे दिसत’ एवढेच सांगून पुढे जाणारा शिक्षक मुलांना अर्धेच दाखवतो. प्रतिमान कोणी घडवले, कोणासाठी घडवले आणि त्यातल्या माणसाला स्वतःबद्दल काय सांगावेसे वाटले असते, हे प्रश्न शिक्षकाला सुचले तरच वस्तू बोलू लागते. चांगल्या कार्यशाळेची पारख इथे होते.

विसाव्या शतकात युनेस्कोने या कामाला आंतरराष्ट्रीय रूप दिले. संग्रहालयांच्या शैक्षणिक कार्यावर त्यांनी १९५२ मध्ये ब्रुकलिन, १९५४ मध्ये अथेन्स आणि १९५८ मध्ये रिओ दि जानेरो येथे परिसंवाद घेतले. भारतात १९७९ मध्ये स्थापन झालेल्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राने शालेय शिक्षकांचे अभिमुखता वर्ग सुरू केले. स्मारके आणि संग्रहालये यांच्या भेटी या वर्गांचा भाग असतात.

मुंबईतील केंद्रे : छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ मध्ये झाली आणि १९२२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. वास्तुविशारद होते जॉर्ज विटेट. या संस्थेचा शिक्षण विभाग शाळांबरोबर नियमितपणे काम करतो. २०१५ पासून तिची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस मुंबईबाहेरच्या शाळांपर्यंतही जाते आणि २०१९ मध्ये आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये येथे उघडलेल्या प्राचीन शिल्पांच्या प्रदर्शनात लंडन, बर्लिन आणि लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांतून आलेली ग्रीक, रोमन, इजिप्शियन आणि असिरियन शिल्पे भारतीय शिल्पांशेजारी मांडली होती. पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले प्राचीन जग एका दालनात पाहण्याची ही संधी होती.

विज्ञान शिक्षकांसाठी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आहे. तेथील विज्ञान उद्यान १९७९ चे, तर पूर्ण केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. हाताळता येणारी उपकरणे हे त्याचे बलस्थान. स्वस्त साहित्यातून शैक्षणिक साधने बनवणे हा अशा केंद्रांतील शिक्षक-प्रशिक्षणाचा आवडता भाग असतो. पुण्यात ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याच्या ज्या कार्यशाळा घेतल्या, त्यांनी हा विचार राज्यभरच्या शिक्षकांपर्यंत नेला. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा भागात ग्रामीण शाळांच्या शिक्षकांबरोबर केलेले काम हा या विचाराचा आणखी जुना आधार आहे.

कार्यपद्धती : दिवसाची सुरुवात बहुधा व्याख्यानाने होत नाही, निदान होऊ नये. शिक्षकांचे लहान गट करून प्रत्येकाला एकच वस्तू दिली जाते. माहितीफलक झाकलेला असतो. आधी नुसते पाहायचे, मग जे दिसले तेवढेच लिहायचे, त्यानंतर जे वाटले ते वेगळे लिहायचे. दिसणे आणि वाटणे यांतला हा भेद शिक्षकांना सुरुवातीला जड जातो. वर्षानुवर्षे उत्तर सांगण्याची सवय झालेली असते. उत्तर माहीत नसताना वस्तूसमोर उभे राहणे अवघडल्यासारखे वाटते. म्हणून फलक उघडण्याआधीचा हा वेळ कार्यशाळेत सर्वांत मोलाचा असतो. त्यात काटछाट करून दालने दाखवण्याचा मोह आयोजकांनी टाळावा.

पुढच्या भागात वस्तू आणि अभ्यासक्रम यांची सांगड घातली जाते. महाराष्ट्राच्या सहावीच्या इतिहासात भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांचा पाठ आहे. दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहास आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. ही प्रकरणे परीक्षेपुरती पाठ करून घेतली जातात, ही खेदाची गोष्ट आहे. वस्तूशिवाय ती शिकवताच येत नाहीत. शेवटी प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गासाठी एक पाठ आखतो आणि इतरांसमोर मांडतो. प्रतिकृती, छायाचित्रसंच आणि कृतिपत्रिका सोबत दिल्या जातात.

पडघा परिसर : पडघा हे मुंबई–नाशिक महामार्गावरचे गाव, मुंबईपासून सुमारे ६० किलोमीटर. आसपास भातशेतीची खेडी आणि आदिवासी पाडे आहेत. भिवंडीकडे यंत्रमाग आणि गोदामे. येथून मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जायचे तर आधी रस्त्याने कल्याण किंवा ठाणे गाठावे लागते. एकट्या कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा लोकलचा पल्ला ५० किलोमीटरच्या वर आहे. शालेय सहलीला एस.टी.च्या भाड्यात सवलत मिळते. तरीही जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला मुंबईचे संग्रहालय दाखवणे हे पालकांच्या खिशाला आणि शाळेच्या वेळापत्रकाला झेपणारे नसते. शिक्षक मात्र जाऊ शकतो. तो एकदा शिकून आला की त्याच्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक वर्गाला त्याचा लाभ होतो. दूरच्या शाळांसाठी संग्रहालयांनी सहलींपेक्षा शिक्षक-कार्यशाळांवर अधिक जागा आणि पैसा खर्च करावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मुंबईच्या संग्रहालयातल्या कित्येक वस्तूंचे नातेवाईक पडघ्याच्या शिक्षकाला घराजवळच भेटतात. सोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सोपाऱ्याचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत सोपारा ठाणे जिल्ह्यातच होते. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून घाटमाथ्याकडे माल जाई. कल्याणच्या दात्यांची नावे कान्हेरी लेण्यांतील लेखांत आहेत आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही या बंदराचा उल्लेख आहे. महामार्गावरून कंटेनर जाताना रोज पाहणाऱ्या मुलांना प्राचीन व्यापार समजावायला याहून जवळचे उदाहरण शोधावे लागत नाही.

भिवंडी तालुक्यातच लोनाड आहे. तेथे बौद्ध लेणे आहे आणि त्यात दरबाराचे दृश्य कोरलेला मोठा शिल्पपट आहे. गावकरी या लेण्याला खांडेश्वरी देवीच्या नावाने ओळखतात. एकाच जागी दोन काळांची श्रद्धा नांदते आहे. शिक्षकाने यातली एक खरी आणि दुसरी चुकीची ठरवण्याचे कारण नाही. दोन्ही मुलांसमोर ठेवाव्यात. शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याचा लोनाडचा शके ११०६ चा लेख आणि जवळच्या चौधरपाड्याचा केशिदेवाचा शके ११६१ चा लेख अभ्यासकांना परिचित आहेत. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या लेखांच्या संपादनात त्यांचा समावेश केला आहे. शिलाहारांचीच परंपरा सांगणारे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे आहे.

शिलाहारकालीन दानलेखांवर पुष्कळदा गधेगाळ कोरलेला असतो. वर सूर्य-चंद्र, खाली गाढव आणि स्त्री. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे. अशा दगडासमोर शिक्षक गप्प होतात किंवा मुलांना पुढे ढकलतात. कार्यशाळेत या अडचणीवर उघडपणे बोलले पाहिजे. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी सूर्य-चंद्र पुरेसे आहेत : जोवर ते आकाशात आहेत तोवर हे दान टिकावे, हा अर्थ मुले चटकन पकडतात. नववी-दहावीच्या वर्गात मात्र शिवी दगडात का कोरावी लागली, राजाज्ञा मोडण्याची भीती कोणाला होती आणि शिक्षेच्या चित्रात स्त्रीच का, हे विचारता येते. विचारलेच पाहिजे. काही गावांत अशा दगडांना शेंदूर लावून देव मानले जाते. त्या भावनेला धक्का न लावता अर्थ सांगण्याचे कौशल्य कोणत्याही पुस्तकात मिळत नाही, ते अनुभवी शिक्षकांकडूनच शिकावे लागते.

विज्ञानासाठीही पडघ्याला स्वतःचे उदाहरण आहे. चंद्रपूरहून येणाऱ्या ५०० किलोव्होल्ट उच्चदाब एकदिश विद्युतवाहिनीचे पश्चिमेकडचे टोक पडघ्याला आहे. सुमारे ७५० किलोमीटरची ही वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. लांब पल्ल्यावर एकदिश प्रवाह सोयीचा का आणि तो पुन्हा प्रत्यावर्ती का करावा लागतो, हा प्रश्न नेहरू विज्ञान केंद्रातल्या विजेच्या उपकरणांपाशी शिकून आलेला शिक्षक गावच्या मनोऱ्यांकडे बोट दाखवून विचारू शकतो.

स्थानिक परंपरा : आसपासच्या वस्तूंतून शिकवण्याची रीत या भागाला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, आदिवासी मुलांसाठी बालवाडी, अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या. बिया, पाने, खडे, शिंपले हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. महागडी आयात साधने नाकारून परिसरातून साधने उभी करण्याचा त्यांचा प्रयोग संग्रहालयीन कार्यशाळांनी अभ्यासायला हवा. जाते, उखळ-मुसळ, सूप, इरले, कणगी, भाताच्या जुन्या वाणांच्या लोंब्या : पडघ्याच्या आसपास घरोघरी असलेल्या किंवा नुकत्याच अडगळीत गेलेल्या या वस्तूंचा एक कोपरा शाळेत उभा राहू शकतो. वस्तूबरोबर ती वापरणाऱ्या आजीचे बोलणेही नोंदवले तर मौखिक साधनांचा पाठ आपोआप होतो. आगरी, कुणबी, वारली, ठाकूर आणि कातकरी घरांतले शब्द यात जसेच्या तसे लिहावेत. ते प्रमाण भाषेत दुरुस्त करून घेऊ नयेत.

प्रशासन : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात सेवेच्या १२ आणि २४ वर्षांनंतर वरिष्ठ आणि निवड श्रेणीची प्रशिक्षणे असतात, तर शाळांच्या समूहाच्या, म्हणजे केंद्राच्या, पातळीवर शिक्षण परिषदा भरतात. यांतले बरेचसे प्रशिक्षण पडद्यासमोर किंवा सभागृहात होते. केंद्राची एखादी शिक्षण परिषद लोनाडच्या लेण्यात भरवायला वेगळा निधी लागत नाही. केंद्रप्रमुखाची इच्छा आणि संग्रहालयाचा एक जाणकार माणूस एवढे पुरते. खरी अडचण वेळेची असते. दोन शिक्षकांच्या शाळेतला एक जण कार्यशाळेला गेला की उरलेल्यावर चार इयत्ता येतात, आणि निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे त्यात भर घालतात. तेव्हा कार्यशाळेची तारीख शाळेच्या सोयीने ठरावी, संग्रहालयाच्या सोयीने नव्हे.

जतनाचे नियम : शाळेत संग्रह करू पाहणाऱ्या शिक्षकाला कायद्याची माहिती कार्यशाळेतच दिली पाहिजे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाखाली शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, नाणी आणि लेख पुरावशेष ठरतात. वीराच्या स्मरणार्थ उभारलेला वीरगळ किंवा शिलालेख उचलून शाळेच्या आवारात आणणे हे सद्‌हेतूने केले तरी चूक आहे, कारण जागेवरून हलवलेल्या दगडाचा निम्मा इतिहास तिथेच राहतो. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून लेखावर खडू, चुना किंवा रंग चोळू नये. तिरप्या उजेडात, सकाळी किंवा सायंकाळी, छायाचित्र घ्यावे. लांबी-रुंदी मोजावी, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहावे, गावात त्याला काय म्हणतात ते विचारावे आणि ही नोंद शाळेच्या दप्तरी ठेवून तिची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी.