नावातली गाठ

मागच्या विकांताला मुलुंडला ताईकडे गेलो होतो. भाच्याला दीड वर्षाचा असल्यापासून फिट्स येतात. एमआरआय झाला आणि फायलीवर नाव आलं, ट्यूबरस स्क्लेरोसिस. शेजारच्या काकूंनी फक्त पहिला शब्द ऐकला. "अगं, म्हणजे टीबीच ना? शिवडीला दाखवलंस का?" दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नातू खेळायला यायचा बंद!

घरी आल्यावर गूगलबाबाला साकडं घातलं. तर हे नाव चक्क शवविच्छेदनाच्या टेबलावरून आलंय.

१८८० साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या बूर्नविल नावाच्या डॉक्टरने एका १५ वर्षांच्या मुलीची हकीकत छापली. लहानपणापासून फिट्स, बुद्धीची वाढ खुंटलेली, चेहऱ्यावर पुरळ. ती गेल्यावर मेंदू तपासला, तर त्याच्या वळ्यांमध्ये पांढरट, टणक गाठी. लॅटिनमध्ये ट्यूबर म्हणजे गाठ, फुगवटा. त्यावरून हे नाव. क्षयातल्या बारीक गाठींमुळे ट्युबरक्युलोसिसलाही त्याच मुळाचं नाव मिळालं. म्हणजे शब्द मावसभाऊ, पण आजारांचं काही नातं नाही.

गंमत म्हणजे त्या मुलीच्या मूत्रपिंडांतही गाठी होत्या. त्यांचा मेंदूशी संबंध नसावा, असं बूर्नविलला वाटलं. (बग रिपोर्ट तीन आणि कारण एकच, हे आपल्याकडेही होतंच की!) पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, ब्रिसोबरोबर एका चार वर्षांच्या मुलाचं शवविच्छेदन करताना पुन्हा तेच दिसलं. मेंदूत गाठी, मूत्रपिंडांत गाठी. तेव्हा कुठे दुवा जुळू लागला.

खरं कारण कळायला मात्र शंभरावर वर्षं गेली. १९९३ आणि १९९७ साली एकेक जनुक सापडलं. पेशींच्या वाढीला लागणारे हे ब्रेक. ब्रेक बिघडला की मेंदू, त्वचा, मूत्रपिंड, हृदय, कुठेही गाठी. यात जंतू नाही, त्यामुळे लागण होण्याचा प्रश्नच नाही. त्या ब्रेकचं काम थोडंफार करणारी औषधंही आता आहेत. आणि सुमारे दोन तृतीयांश मुलांत हा बदल आईवडिलांकडून येत नाही, नव्यानेच घडतो.

हे शेवटचं वाक्य ताईला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "परत एकदा वाच रे."

असो. काकूंकडे उद्या मीच जाणार आहे.